बाळाला घेऊन शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला जायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या हॉस्पिटलची तारीख मिळाली की घरात पहिली चर्चा सुरू होते ती गाडी कुठली करायची याची. माझं म्हणणं, गाडीचं सगळ्यात शेवटी बघा. आधी त्या दिवशी बाळाचं तिथे नक्की काय करणार आहेत ते कळू द्या, कारण दूध कधी पाजायचं, झोपू द्यायचं की नाही, राहावं लागणार का, हे सगळं त्यावर ठरतं, आणि प्रवास त्याच्या मागून. खालचे प्रश्न साधारण वर्षाच्या आतल्या बाळांच्या आईबाबांना पडतात तेच आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

तारीख मिळालीय, आता सुरुवात कुठून करू?

फोनपासून. ज्या विभागात दाखवायचंय तिथे फोन लावा, नुसत्या चौकशीच्या नंबरवर विचारून थांबू नका, कारण तिथला माणूस फार तर तारीख आणि वेळ सांगतो. विचारायचं ते असं: बाळाला फक्त तपासणार की काही टेस्ट पण त्याच दिवशी करणार, टेस्ट असेल तर उपाशी आणायचं का आणि किती तास, बाळ झोपलेलं लागेल का जागं, भूल देणार का, संध्याकाळपर्यंत सोडतील का एक रात्र राहावं लागेल. आणि हो, कुठलं गेट आणि कितवा मजला हेही विचारा. मोठ्या हॉस्पिटलात चुकीच्या गेटला उतरलं की बाळ, बॅग, फाईल सगळं घेऊन पाऊण तास चालणं होतं, आणि तेवढ्यात नंबर पुकारून झालेला असतो.

ज्यांनी फोन उचलला त्यांचं नाव आणि विभाग लिहून ठेवा. त्या दिवशी कोणी म्हणालं की असं कोणी सांगितलं, तर सांगायला काहीतरी हातात असतं.

टेस्ट आणि प्रवास यांचा काय एवढा संबंध?

खूपच आहे, आणि इथेच जास्तीत जास्त लोकांच्या फेऱ्या वाया जातात.

कानाची बेरा टेस्ट, म्हणजे बाळाला नीट ऐकू येतं का ते बघायची, तिचंच उदाहरण घ्या. ती लहान बाळाची झोपेतच करतात, हलणारं रडणारं बाळ असेल तर ग्राफ नीट येत नाही. आता गाडीत बसलं की बाळं झोपतात, हे तर सगळ्यांना माहितीय. म्हणजे तीन तासांच्या प्रवासात बाळ मस्त झोपून घेतं आणि हॉस्पिटलात पोचल्यावर टक्क जागं, मग टेक्निशियन म्हणणार झोपवून आणा, आणि तुम्ही कॉरिडॉरमध्ये थोपटत फेऱ्या मारणार. म्हणून अशा टेस्टच्या दिवशी वाटेत बाळाला शक्य तेवढं जागं ठेवायचं, एकाने मागे बसून बोलत खेळवत राहायचं, आणि पोटभर दूध टेस्टच्या अगदी आधी द्यायचं. ईईजीचं, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूचा ग्राफ काढतात त्याचं, पण तसंच, त्यात बऱ्याचदा आदल्या रात्री उशिरा झोपवा आणि सकाळी लवकर उठवा असं सांगतात. आणि डोकं धुवून, तेल न लावता न्यायचं, तेलामुळे डोक्यावरच्या तारा नीट चिकटत नाहीत. आजीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर निघायच्या आधी प्रेमाने चपचपीत तेल लागलेलं असतं.

एमआरआयची तर गंमतच आहे. अगदी तान्ह्या बाळाला काही ठिकाणी भूल न देता, पोटभर पाजून, घट्ट गुंडाळून, झोपेतच मशीनमध्ये घालतात, म्हणजे बाळ भुकेलं पोचायला हवं आणि दूध तिथे गेल्यावर द्यायचं. तोच एमआरआय भूल देऊन करणार असतील तर बाळ काही तास पूर्ण उपाशी हवं, तिथे पोचून पाजलंत तर टेस्टच रद्द. नाव एक, सूचना एकदम उलट. त्यामुळे शेजारच्यांच्या बाळाचं काय केलं होतं ते ऐकून तयारी करू नका.

हृदयाचा इको असेल तर बाळ शांत पडून राहायला हवं, टेस्ट अर्धा-पाऊण तास चालू शकते, बहुतेक वेळा पोट भरलेलं असलं की काम सोपं होतं. पोटाच्या सोनोग्राफीला मात्र, खासकरून काविळीसाठी पित्ताशय बघायचं असेल तर, काही तास उपाशी ठेवायला सांगतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी असते, तिथे बाहुली मोठी करायला थेंब घालतात, ते थोड्या थोड्या वेळाने परत घालावे लागतात आणि असर व्हायला अर्धा ते एक तास जातो, म्हणजे तपासणी दोन मिनिटांची असली तरी तुमची अर्धी सकाळ त्यात जाणार. नंतर काही तास उजेड सहन होत नाही, परतीच्या गाडीत खिडकीला लावायला जाडसर कापड ठेवा.

भूल देणार आहेत, दूध कधी बंद करायचं?

साधारण नियम असा असतो की भूल द्यायच्या आधी आईचं दूध ४ तास बंद, पावडरचं दूध आणि इतर खाणं ६ तास बंद, आणि जी बाळं पाणी पितात त्यांना साधं पाणी १ ते २ तास आधीपर्यंत. नेमके तास हॉस्पिटल सांगेल, तेच पाळायचे. कारण असं की भुलीत पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, बेशुद्ध बाळाला ठसका लागून ते बाहेर टाकता येत नाही.

आता हे घड्याळावर मांडून बघा. समजा भूल सकाळी ९ ला आहे आणि ७ ला पोचायला सांगितलंय. पावडरचं दूध पिणारं बाळ असेल तर शेवटची बाटली ३ च्या आत संपलेली पाहिजे, अंगावरचं पिणारं असेल तर ५ च्या आत. ५ च्या आत म्हणजे ५ ला पिऊन झालेलं, ५ ला तोंडाला लावलेलं नाही. आणि तुमचं घर जर तीन तासांवर असेल तर ४ ला निघावं लागणार, म्हणजे ते शेवटचं दूध अंधारात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून द्यायचं, बाळ अर्धवट झोपेत, धड पिणार नाही, आणि मग ५ पासून ९ पर्यंत भुकेने रडणार. असं गणित येत असेल तर सरळ आदल्या दिवशी जाऊन जवळ मुक्काम करा. खर्च होतो, कटकट होते, मान्य, पण इथे पैसे वाचवायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फोनवर हेही विचारा की लिस्टमध्ये बाळाचा नंबर कितवा आहे. लहान बाळांना शक्यतो आधी घेतात, पण बाहेरगावहून येताय हे सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार. आणि चुकून कोणी काही पाजलंच, चमचाभर का असेना, तर लपवू नका. फार तर वेळ पुढे जाईल.

रात्री निघावं का पहाटे?

नुसतं दाखवायचं असेल तर बाळाच्या झोपेच्या वेळेला निघा. रात्रभराचा प्रवास करून सकाळी थेट ओपीडीत जाऊन बसणं मात्र टाळता आलं तर टाळा. बाळ तसं झोपतं वाटेत, पण आईबाबा जागे असतात, आणि मग डॉक्टर महत्त्वाचं काही सांगत असताना समोर दोघं डोळे ताणून बसलेले. जो गाडी चालवतोय त्याची झोप झालेली असणं हा तर वेगळाच विषय, रात्री जागून गाडी चालवायची नाही, बस.

बरोबर कोणी कोणी यायचं?

दोन मोठी माणसं. एकाने बाळाकडे बघायचं, दुसऱ्याने फाईल, पैसे, रांग, औषधं. एकटीने जायची वेळ येते काही जणींवर, तेव्हा हॉस्पिटलला आधी सांगून ठेवा, बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर असतात, ते राहायची सोय, फीमध्ये सवलत, असल्या गोष्टींचा रस्ता दाखवतात. त्यांच्याकडे सहसा कोणी जातच नाही.

ऑपरेशन किंवा भूल असेल तर संमतीपत्रावर सही आई, वडील किंवा कायदेशीर पालकाचीच लागते. आजी-आजोबा किंवा मावशी घेऊन गेली आणि सहीला कोणी नाही, म्हणून अख्खा दिवस गेला असं होतं. दोघांपैकी एक तरी हवंच.

मोठ्या भावंडाला नेऊ नका, जमत असेल तर. आणि आई जर पाजणारी असेल तर तिच्या खाण्यापिण्याची जबाबदारी दुसऱ्या माणसाने अंगावर घ्यायची. सिझेरियनला फार दिवस झाले नसतील तर जड बॅग उचलायची नाही, हेही त्यालाच सांगा, ती स्वतःहून बोलणार नाही.

फाईलमध्ये काय काय ठेवू?

जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड सगळ्यात वर. किती आठवड्यांना जन्म झाला, वजन किती होतं, रडलं का लगेच, काचेत ठेवलं होतं का, हे प्रत्येक नवीन डॉक्टर विचारतात. बाळ ३७ आठवड्यांच्या आधी झालेलं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण मग वाढ बघताना वय जन्मतारखेवरून न धरता बाळंतपणाच्या दिलेल्या तारखेवरून मोजतात, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. नाहीतर सहा महिन्यांचं बाळ अजून बसत नाही म्हणून उगाच घाबरायला होतं, आणि ते दोन महिने लवकर आलेलं असतं.

मग लसीकरणाचं कार्ड, आजवरची वजनं तारखेसकट, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी. एमआरआय, सीटीचा नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, त्यांना मूळ चित्रं बघायची असतात, त्यामुळे सीडी किंवा लिंक घ्या. आणि सगळ्याचे फोटो काढून मोबाईलमध्ये वेगळ्या फोल्डरला टाका, दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवर पण पाठवा. मूळ कागद कोणालाही देऊन यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची.

औषधांची यादी लिहिताना फक्त नाव नको. सिरपची ताकद, किती एमएल, दिवसातून किती वेळा, कधीपासून. सोपं म्हणजे बाटलीच्या लेबलचा फोटो.

कार, बस, ट्रेन का विमान?

ज्यात बाळाला मध्ये पाजता येईल, बदलता येईल आणि तब्येत बिघडली तर थांबता येईल ते. या हिशोबाने कार पुढे येते, लांबच्या अंतराला ट्रेन. ट्रेनमध्ये हलायला जागा असते, आईला पाठ टेकता येते. बसमध्ये मधल्या सीट घ्या, मागे दणके फार बसतात.

विमानाचं जरा सविस्तर. तान्ह्या बाळाला कितव्या दिवसापासून नेतात हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आजारी बाळ असेल तर प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र मागतात, आणि ते बहुतेक वेळा त्यांच्याच फॉर्मवर लागतं, त्यामुळे तिकिटाआधी विचारा. विमानाच्या आतला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवतात, म्हणजे ऑक्सिजन कमी मिळतो. धडधाकट बाळाला त्याचं काही वाटत नाही, पण हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्या, किंवा खूप लवकर जन्मलेल्या बाळाला वाटू शकतं. छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतं झालेलं असेल तर अजूनच जपायचं कारण वर गेल्यावर आत अडकलेली हवा फुगते. अशा सगळ्यांनी आपल्या डॉक्टरांना विमानाने नेऊ का असा थेट प्रश्न विचारायचा, ते आपणहून सांगतील अशी वाट बघू नका. उतरताना कान दुखतात, तेव्हा पाजत राहा, गिळलं की कान मोकळे होतात.

बाळाची वेगळी कार सीट खरंच लागते का? मांडीवर तर किती जवळ असतं बाळ!

लागते. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं बाळ हाताने धरून राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. सीट मागच्या बाजूला, बाळाचं तोंड गाडीच्या मागे करून बसवायची. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर तिथे अशी सीट कधीच नाही. जाड स्वेटर किंवा दुपट्यात गुंडाळून वरून पट्टे लावू नका, पट्टे सैल राहतात. आधी पट्टे, मग वरून पांघरूण.

तान्ह्या बाळाचं डोकं सीटमध्ये पुढे पडतं आणि मान दुमडून श्वास अडू शकतो, म्हणून मागे बाळाच्या शेजारी एक माणूस बसलेलंच पाहिजे, आणि फार तर दोन तासांनी, अगदी नवीन बाळ असेल तर त्याच्याही बरंच आधी, थांबून बाहेर काढायचं. पोचल्यावर बाळाला सीटमध्येच तासभर झोपू द्यायचं नाही. आणि पाच मिनिटांत येतो म्हणून बंद गाडीत बाळाला ठेवून जायचं नाही, सावलीत उभी असली तरी नाही.

वाटेत दुधाचं कसं करायचं?

अंगावरचं पिणाऱ्याचं सोपं आहे, आईला एक मोठी ओढणी आणि भरपूर पाणी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, आईचं दूध मिळतंय तोवर, उन्हाळ्यातसुद्धा वेगळं पाणी द्यायची गरज नसते, जास्त वेळा पाजा.

काढून ठेवलेलं दूध खोलीच्या तापमानाला, साधारण २५ अंशांपर्यंत, ४ तास चालतं, आईस पॅक लावलेल्या बॅगेत २४ तास. गाडीत मात्र २५ अंश कुठले, उन्हात तापलेल्या गाडीत तो ४ तासांचा हिशोब धरू नका.

पावडरचं दूध घरून तयार करून नेऊ नका. उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये, पावडर मोजून कोरड्या डब्यांमध्ये, एका वेळची एका डब्यात, आणि हवं तेव्हा तिथल्या तिथे करायचं. पावडर ही काही निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ७० अंशांच्या वरचं पाणी वापरायला सांगते, नंतर बाटली गार पाण्यात धरून कोमट करायची. साधा थर्मास चार-पाच तासांनी तेवढा गरम राहत नाही, वाटेत परत भरून घ्यावा लागतो. केलेलं दूध २ तासांत संपवा, बाळाने तोंड लावून उरलेलं तर टाकूनच द्यायचं. जीवावर येतं, पण टाकायचं.

औषधं चालू आहेत, फीट येतात, ऑक्सिजन लागतो. अशा बाळाला कसं न्यायचं?

फीटच्या औषधाचा एकही डोस चुकता कामा नये, बाकी सगळं नंतर. लागेल त्याच्या दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या बॅगांत ठेवा, एक बाटली फुटली तरी दुसरी आहे. उपाशी ठेवायच्या वेळेतच डोस येत असेल तर काय करायचं हे आधी विचारा, बहुतेकदा थोड्या पाण्याबरोबर द्यायला सांगतात, पण ते त्यांनी सांगायचं, आपण ठरवायचं नाही. पाणी घालून तयार केलेली काही अँटिबायोटिक फ्रीजमध्ये ठेवावी लागतात, ती आईस पॅकच्या बॅगेत, पण थेट बर्फाला चिकटवून नको, गोठली तर उपयोग नाही.

ऑक्सिजनचं गणित साधं आहे. सिलिंडरमध्ये ३०० लिटर आहे आणि बाळाला मिनिटाला अर्धा लिटर लागतो, तर ६०० मिनिटं, म्हणजे १० तास. प्रवास ५ तासांचा असेल तरी एवढं घ्याच, रस्ता जाम होतो, रांग लागते, बाळाला जास्त लागू शकतो. सिलिंडर गाडीत नीट बांधलेला हवा आणि गाडीत सिगारेट अजिबात नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सर्दी-ताप आला तर?

फोन. नुसतं दाखवायचं असेल तर कदाचित या म्हणतील. भूल असेल तर सर्दी, खोकला, ताप हे आधी कळवलंच पाहिजे कारण सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते आणि भुलीचा धोका वाढतो, बऱ्याचदा काही आठवडे पुढे ढकलतात. तिथे जाऊन परत यायचं त्यापेक्षा घरून फोन बरा. नुकती लस दिली असेल तर तेही सांगा.

अंगावर पुरळ असेल, गोवर किंवा कांजिण्यांची शंका असेल, किंवा घरात कोणाला झालं असेल, तर थेट जाऊन वेटिंगमध्ये बसू नका. गोवराचा विषाणू आजारी माणूस निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहतो, आणि तिथे आजूबाजूला नाजूक बाळं बसलेली असतात. आधी कळवलं तर वेगळ्या दाराने घेतात.

आणि बाळ ३ महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ अंश म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल, तर शहरातल्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, लगेच जवळच्या डॉक्टरांकडे.

वाटेत तब्येत बिघडली तर पुढे जायचं का मागे फिरायचं?

दोन्ही नाही. जवळचं हॉस्पिटल. ओठ निळे पडले, श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, कण्हल्यासारखा आवाज येतोय, फीट ५ मिनिटं झाली तरी थांबत नाही, बाळ उठवूनही उठत नाही, दूध अजिबात ओढत नाही, हिरवी उलटी झाली, यातलं काहीही दिसलं की जे पहिलं हॉस्पिटल लागेल तिथे वळायचं किंवा ॲम्ब्युलन्स बोलवायची. आमच्या मोठ्या डॉक्टरांनाच दाखवू म्हणून दीड तास गाडी पळवायची नाही. तिथे ऑक्सिजन, सलाईन तरी लागतं आणि पुढे पाठवायचं तर नीट सोय करून पाठवतात. निघायच्या आधी वाटेवर अशी कुठली हॉस्पिटलं आहेत ते मॅपवर बघून दोन-तीन नंबर सेव्ह करा.

जुलाब-उलट्या असतील तर शू किती वेळा झाली ते मोजा. डायपर सहा-आठ तास कोरडा, टाळू खोल गेलेली, रडताना पाणी नाही, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय.

बाळ वाटेत त्रास देऊ नये म्हणून झोपेचं औषध, सर्दीचं सिरप दिलं तर चालेल का?

नाही. सर्दीच्या सिरपने झोप येते म्हणून देणारे लोक आहेत, पण एवढ्या लहान बाळाचा श्वास त्याने मंदावू शकतो, शिवाय तिथे गेल्यावर डॉक्टरांना कळत नाही की बाळ आजाराने सुस्त आहे का औषधाने. तापाचं पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी लिहून दिलेलंच, आणि ड्रॉप्स आणि सिरप यांची ताकद वेगळी असते हे लक्षात ठेवा, ड्रॉप्सची मात्रा जास्त होते ती याच घोळात.

बॅगेत काय? लिस्ट फार मोठी होतेय

होऊ दे, पण दोन बॅगा करा. एक मोठी, जी गाडीत किंवा खोलीवर राहील. दुसरी छोटी, जी खांद्यावरून उतरणार नाही: फाईल, मोबाईल चार्जर, तासाला एक या हिशोबाने डायपर, ओले पुसायचे कपडे, बाळाचे दोन जोड आणि आईचा एक टॉप. आईचा टॉप कोणी घेत नाही आणि उलटी तिच्याच अंगावर होते. बाळाला पुढून उघडणारे कपडे घाला, धातूची बटणं नको, एक्स-रे किंवा एमआरआयला काढावी लागतात. रक्त घ्यायचं असेल तर मोजे घालून हातपाय गरम ठेवा, थंड हातात शीर सापडत नाही. बाबागाडीपेक्षा गर्दीत बाळाला अंगाशी बांधायचा कॅरियर बरा.

वेटिंगमध्ये बाळाला काही लागण होईल याची भीती वाटते

रास्त आहे. खोकणाऱ्यांपासून लांब बसा, एकाने रांगेत थांबून दुसऱ्याने बाळाला मोकळ्या हवेत ठेवलं आणि नंबर आला की फोन केला तर सगळ्यात उत्तम. बाळाला हात लावायच्या आधी साबणाने २० सेकंद हात धुवा. किती गोड म्हणून गालाला हात लावणाऱ्या अनोळखी लोकांना सरळ नको म्हणा, वाईट वाटलं तर वाटू दे.

डॉक्टरांसमोर गेलं की सगळं विसरायला होतं

सगळ्यांचंच होतं. तीन प्रश्न कागदावर लिहून न्या, महत्त्वाचा पहिला. आणि जे तिथे दिसणार नाही त्याचा व्हिडिओ. फीट, विचित्र श्वास, दचकणं, दूध पिताना येणारा निळसरपणा, हे नेमकं डॉक्टरांसमोर होत नाही. व्हिडिओ काढताना बाळाचं तोंड आणि पूर्ण अंग दोन्ही दिसेल असं धरा, कपडे बाजूला करा, आणि शेजारच्यांनी बोलायचं नाही म्हणजे आवाज ऐकू येतो. शीचा रंग विचित्र असेल तर त्याचाही फोटो, लाजायचं काही नाही.

घरात कार्य आहे, तारीख महिनाभर पुढे ढकलली तर चालेल का?

काही बाबतीत चालतं, काही बाबतीत अजिबात नाही, आणि हे आपल्याला वरून कळत नाही. उदाहरण देते. दोन आठवड्यांनंतरही कावीळ आहे आणि शी पांढरट, मातकट रंगाची होतेय, तर पित्ताची नळी बंद असण्याची शक्यता तपासावी लागते, आणि त्यात ऑपरेशन साधारण ६० दिवसांच्या आत झालं तर यकृत वाचायची शक्यता जास्त. तिथे महिना म्हणजे सगळंच गेलं. वेळेआधी जन्मलेल्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचंही असंच, काही दिवसांत चित्र बदलतं. त्यामुळे ढकलायच्या आधी विचारा, किती दिवस थांबलं तर चालेल.

परत कधी निघायचं?

याचा विचार जातानाच करा, कारण परतीला सगळे थकलेले असतात आणि घरी जायची घाई असते. भूल दिलेली असेल तर बाळ नीट जागं झालंय, दूध पिऊन पोटात राहिलंय, शू झालीय, हे बघूनच सोडतात, तरी लांबचा प्रवास असेल तर ती रात्र जवळच राहा. वेळेआधी जन्मलेल्या लहान बाळांना तर भुलीनंतर श्वास थांबण्याचा धोका असतो म्हणून रात्रभर देखरेखीत ठेवतात, त्या बाबतीत सोडा ना लवकर म्हणून मागे लागू नका.

निघताना तीन गोष्टी लेखी घ्या: औषधं कशी द्यायची, काय दिसलं तर लगेच यायचं, आणि रात्री दोन वाजता काही झालं तर कुठल्या नंबरला फोन करायचा. औषधं तिथूनच घेऊन निघा, लहान बाळांची काही सिरपं गावच्या दुकानात मिळत नाहीत.

दर वेळी एवढ्या लांब यावंच लागतं का?

नाही, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. टाके बघणं, वजन, साधं रक्त हे घराजवळच्या डॉक्टरांकडे होऊ शकतं, त्यांना चिठ्ठी लिहून मागा. रिपोर्ट मागाहून येणार असतील तर ते मोबाईलवर किंवा मेलवर पाठवतील का आणि त्यावर व्हिडिओ कॉलवर बोलता येईल का हे काउंटरवर नाही, डॉक्टरांनाच विचारा. यावंच लागणार असेल तर दोन विभागांच्या तारखा एकाच दिवशी मागा, डोळे सोमवारी आणि कान गुरुवारी असं लिहून दिलेलं असतं आणि आपण मुकाट घेतो. बाहेरगावहून येतो म्हटल्यावर बहुतेक जण जुळवून देतात, आणि एक नाही म्हणाला तर दुसऱ्या विभागाला विचारायचं.